"शहरातील एका नामांकित…" – बातमीत नाव नेमकं कुणाचं गळतं?

मधला_कॉलम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या शहरात (म्हणायला जिल्ह्याचं ठिकाण, स्वभाव तालुक्याचा) एका कोचिंग क्लासमध्ये शिकवणी चालू असताना पीओपीचं छत खाली आलं. तीन मुलांना लागलं. त्यात माझी भाची होती, डोक्याला सहा टाके. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. पान पाच, खाली डावीकडे, चार ओळी: "शहरातील एका नामांकित खासगी शिकवणी वर्गात छताचा काही भाग कोसळून तीन विद्यार्थी किरकोळ जखमी झाले."

त्याच पानावर दोन कॉलम सोडून बसस्टँडसमोरच्या वडापावच्या गाडीची बातमी होती. शेगडीची नळी पेटली, लगेच विझवली, कुणाला खरचटलंही नाही. पण गाडीवाल्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, राहणार कुठल्या गल्लीत, सगळं छापलेलं. वर गाडीचा फोटो.

रविवारी पेपरला जाकीट (पहिल्या पानावरून गुंडाळलेली पानभर जाहिरात) होतं. त्याच क्लासचं. नीटमध्ये चमकलेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो, गालावर गुण.

तेव्हापासून नाद लागलाय. माळ्यावरची रद्दी काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो. "एका नामांकित रुग्णालयात बिलावरून वाद", "एका बड्या गृहप्रकल्पात लिफ्ट बंद पडली", "एका प्रसिद्ध सराफी पेढीविरुद्ध ग्राहकाची तक्रार". गंमत म्हणजे हीच पेढी, तिचं नवं दालन उघडायला मालिकेतली नटी आली तेव्हा नावानिशी पहिल्या पानावर होती. त्या पेढीत चोरी झाली तेव्हाही नाव होतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली की लगेच "एका".

माझा प्रश्न साधा आहे. हे कुणी फोन करून करवतं, की सवयीने होतं?

आज्जीचा_चष्मा

भाची कशी आहे आता? टाके निघाले का?

बाकी तुम्हीही "एका कोचिंग क्लासमध्ये" असंच लिहिलंय की हो!

मधला_कॉलम

बरी आहे, ताई. टाके निघाले, पण वर्गात जायचं म्हटलं की आधी छताकडे बघते.

आणि पकडलंत. नाव लिहीत नाही, कारण मला वकील परवडत नाही.

रिकामी_बाकडी

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

खिळेजुळारी

शहर आवृत्तीच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली आहेत, दोन वेगवेगळ्या पेपरांत. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

आधी आमची बाजू. प्रत्येक "एका" जाहिरातीमुळे नसतो. गुन्हा नोंदला गेला नसेल तर नाव टाकू नये हा शहाणपणाचा नियम आहे. पीडितेची ओळख कळेल अशी बातमी असेल तर कायदाच नाव टाकू देत नाही. रात्री साडेअकराला वार्ताहराचा फोन येतो, समोरच्या पक्षाची बाजू मिळालेली नसते, पान सोडायचं असतं. अशा वेळी "एका" हा शब्द आम्हाला वाचवतो. मोठ्या माणसाची नोटीस येते, वडापाववाल्याची येत नाही. म्हणून वडापाववाला छापला जातो. कौतुकाची गोष्ट नाही, पण खरी आहे.

आता दुसरी बाजू. पानाची डमी, म्हणजे आखणी, डेस्कवर येते तेव्हा जाहिराती आधीच बसलेल्या असतात. उरलेल्या खाचाखोचांत बातम्या. बातमी लांबली तर बातमी कापतो, जाहिरात कापल्याचं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. फोनचं म्हणाल तर "ही बातमी घेऊ नका" असा सरळ फोन मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आला.

एकदा मी एका रुग्णालयाचं नाव छापलं होतं. (हो, पुन्हा "एका".) डेंगीच्या साथीत अनामत रक्कम भरल्याशिवाय दाखल करून घेत नव्हते. तक्रार लेखी होती, रुग्णालयाची बाजूही घेतली होती. कुणी ओरडलं नाही. संपादक म्हणाले, चांगली बातमी. पुढच्या महिन्यात आमच्या आरोग्य पुरवणीतली त्यांची अर्ध्या पानाची जाहिरात शेजारच्या पेपरात गेली. जाहिरात विभागातला आमचा मित्र चहा घेऊन टेबलाशी बसला आणि म्हणाला, "तुझी बातमी बरोबरच होती रे." बस्स, एवढंच. त्या वर्षी त्याचं टार्गेट हुकलं, आणि त्याच्या मुलीची फी मला माहीत होती.

पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयाची बातमी आली. "शहरातील एका नामांकित" हे शब्द मी आपल्या हाताने टाइप केले. कुणीही सांगितलेलं नव्हतं.

वणीचा_कापूस

खिळेजुळारी, मनापासून लिहिलंत. पण तुमच्याकडे निदान बातमी आणि जाहिरात ही दोन वेगळी टेबलं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन्ही एकच झाल्याचं उदाहरण आहे, आणि ते देशभर गाजलंय.

भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावं. टाइम्स ऑफ इंडियाच्या नागपूर आवृत्तीत ३१ ऑक्टोबर २००८ ला पानभर मजकूर आला की बीटी कापसाने या गावांचं सोनं झालं, इथे एकानेही आत्महत्या केली नाही. पत्रकारांचा यवतमाळ दौरा बीटी बियाणं विकणाऱ्या महिको-मोन्सॅन्टोने घडवून आणला होता, तेही बारीक अक्षरात होतं. इथवर ठीक म्हणू. पण जवळजवळ तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट २०११ ला, तोच मजकूर त्याच पेपरात पुन्हा अवतरला. या खेपेला कंपनीची जाहिरात म्हणून, आणि ओळखू येईल अशी खूण फक्त कोपऱ्यातल्या बारीक ओळीत. बीटीसारख्या पिकांचं नियमन करणाऱ्या जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचं विधेयक संसदेत येऊ घातलं होतं, ते दिवस होते.

मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला आली. गावकऱ्यांनी तोंडावर सांगितलं, आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्यात. पुढे मे महिन्यात पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ही सगळी भानगड मांडली. २००३ ते २००९ मधल्या नऊ आत्महत्यांची त्यांनी पडताळणी केली होती.

एक गोष्ट मला अजून खुपते. पहिल्यांदा जी बातमी होती ती तीन वर्षांनी एक अक्षर न बदलता जाहिरात म्हणून चालली. मग ती पहिल्यांदा काय होती?

आकडेमोड

मोठ्या घरात यात लपवाछपवी उरलेलीच नाही. टाइम्स समूहाने २००३ च्या सुमारास मीडियानेट काढलं. समारंभाचं, कलाकाराचं, ब्रँडचं वार्तांकन पैसे देऊन घ्यायची अधिकृत सोय. त्यानंतर खासगी करार आले. कंपनीने जाहिरातीचं बिल रोख न देता आपले शेअर द्यायचे. म्हणजे ज्या कंपनीची बातमी करायची तिचा भाव वाढला तर फायदा पेपराचाच. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने यावर हरकत घेतली, आणि २०१० मध्ये पेपरांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या संमतीने नियम झाला की अशा कंपनीची बातमी छापताना आपली भागीदारी उघड करा. असा खुलासा तुम्ही शेवटचा कधी वाचलात? मी शोधतोय.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात या समूहावर मोठा लेख आला होता. त्यात समूहाचे एक मालक विनीत जैन यांनी सरळच सांगितलं की नव्वद टक्के उत्पन्न जाहिरातीतून येत असेल तर आपला धंदा जाहिरातीचा. मला हा माणूस निदान प्रामाणिक वाटतो. आपले मराठी मालक अग्रलेखात टिळक-आगरकरांना आणतात आणि पान तीनवर बिल्डर.

तालुका_प्रतिनिधी_माजी

मी नाव बदलून नवीन आयडी काढून लिहितोय, इथल्या संपादक मंडळाने समजून घ्यावं.

शहराचे डेस्कवाले चहा पितात तरी. तालुक्याला वार्ताहर म्हणजे काय असतो ते सांगतो. ओळखपत्र मिळतं. मानधन इतकं की गाडीचं पेट्रोल सुटत नाही. पोट भरतं ते जाहिरातीच्या कमिशनवर, मला पंधरा टक्के होतं. वर्षाला टार्गेट. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी, पेपरचा वर्धापनदिन, आणि आमदार, सभापती, कारखान्याचे चेअरमन यांचे वाढदिवस. वाढदिवसाची पुरवणी चार पानांची ठरली की चार पानं भरायची जबाबदारी माझी. "आमचे मार्गदर्शक, विकासपुरुष" मजकूरही मीच लिहायचा. एकच मजकूर नाव बदलून तीन पुढाऱ्यांना वापरलाय, तिघांनीही फोन करून आभार मानले.

खरी मेख बिलाच्या वसुलीत. जाहिरात छापून आली की पैसे गोळा करून भरायचे मीच. समोरच्याने बुडवले तर माझ्या खात्यातून वळते व्हायचे. आता बघा, ज्या ठेकेदाराकडे माझे अठरा हजार अडकलेत त्याचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला. मी बातमी लिहू की वसुलीला जाऊ?

दोन्ही केलं. सकाळी वसुलीला गेलो, त्याने सहा हजार दिले आणि विचारलं, "रस्त्याचं काय लिहिताय?" म्हटलं, अतिवृष्टीने रस्ता वाहून गेला. तसंच छापून आलं. दोष पावसाचा.

वरिष्ठांनी मला एकदाही सांगितलं नाही की हे लिही आणि ते लिहू नको. ते फक्त दर सोमवारी विचारायचे, किती झालं?

खिळेजुळारी

"अतिवृष्टीने वाहून गेला." अशी कितीतरी वाक्यं मी शुद्धलेखन तपासून पुढे सोडली असतील.

सराफकट्टा

चर्चा एकतर्फी चाललीय, म्हणून दुकानदार या नात्याने लिहितो. माझं लहानसं दुकान आहे, तिसरी पिढी. तुम्हाला वाटतं जाहिरातदार पेपरला खिशात घालतो. साहेब, घालत असतील मोठे. आमच्या खिशात तर तेच हात घालतात.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस बघा माझ्या दुकानात. दैनिकं सगळी, त्यांच्या पाठोपाठ साप्ताहिकं, ज्यांचे अंक फक्त दिवाळीला आणि निवडणुकीला निघतात. मग यूट्यूब चॅनलवाले, हातात बूम, गळ्यात पट्टा. प्रत्येकाला "शुभेच्छा" हव्यात. एकाला मी नाही म्हटलं. आठ दिवसांत माझ्या दुकानाबाहेरच्या पायरीच्या अतिक्रमणाची बातमी आली, फोटोसकट. पायरी माझ्या आजोबांच्या काळातली, आणि त्या रांगेत सगळ्यांचीच पुढे आलेली. फोटो फक्त माझ्या पायरीचा.

पुढच्या वर्षी दिली जाहिरात. पायरी आहे तिथेच आहे.

आणि मधला_कॉलम, राग मानू नका, पण तो वडापाववाला नावानिशी का छापला याचं उत्तर मला हे वाटतं. तो देत नाही, म्हणून छापला. पुढच्या दिवाळीला त्याच्याकडेही कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन जाईल.

मधला_कॉलम

सराफकट्टा, राग कसला. या बाजूने मी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं की नाव गाळणं विकलं जातं. तुम्ही म्हणताय, नाव छापण्याची भीतीही विकली जाते. पण मग क्लासवाला दोघांपैकी कोण? दाबणारा की दबलेला?

सराफकट्टा

एका जाकिटाचे दर विचारून बघा, म्हणजे कळेल कोण आहे ते.

कोर्टाची_पायरी

माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही. जाहिरातीला शिव्या देताना एक मराठी खटला विसरू नये.

केंद्राने १९५६ मध्ये कायदा केला आणि १९६० मध्ये आदेश काढला की पेपराची किंमत पानांच्या संख्येशी बांधायची, आणि जाहिरातींच्या जागेवरही मर्यादा आणता येईल. हेतू ऐकायला गोड होता: भांडवलदारी पेपर छोट्यांना गिळतात, ते थांबवू. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? पुण्याचा 'सकाळ'. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये काढलेला. त्या वेळी खप पन्नास हजारांच्या घरात, किंमत ७ नवे पैसे, पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना.

२५ सप्टेंबर १९६१ ला निकाल लागला, न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेला. युक्तिवाद साधा होता: जाहिरात कमी केली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो, खप घटला की तितक्या लोकांपर्यंत विचार पोचत नाही, म्हणजे घटनेच्या १९(१)(अ) वर, अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर, घाला. कायदा रद्द झाला. हा निकाल आजही वाचला जातो.

म्हणजे सरकारच्या दाबातून पेपर सोडवणारी गोष्ट जाहिरातच होती. जाहिरात नसती तर परुळेकरांना सात पैशांत पेपर देता आला नसता, आणि सरकारपुढे उभंही राहता आलं नसतं.

खिळेजुळारी

वकीलसाहेब, खटला बरोबर सांगितलात. पण तेव्हा आणि आताच्या जाहिरातदारांत फरक आहे. तेव्हा साबण, चहा, सायकल, नाटकं, वधू-वर अशा शंभर लहान जाहिराती असायच्या. एखादा रुसला तर कळायचंही नाही. छोट्या जाहिराती मोबाइलवर गेल्या. जिल्हा आवृत्तीला उरले बिल्डर, क्लास, रुग्णालय, सराफ, पुढारी. आणि सगळ्यांत मोठा जाहिरातदार सरकार: टेंडर नोटिसा, योजना, मंत्र्यांचे फोटो. सरकारला आता पानं मोजायचा कायदा लागत नाही. जाहिरात यादीतून नाव गळलं की पुरे.

कोर्टाची_पायरी

हा मुद्दा मान्य. त्यावर १९६१ च्या निकालात उत्तर नाही.

नांदेडकर_मुक्काम_पुणे

सगळे बिल्डर-सराफ करताय, निवडणूक कुणी काढलीच नाही! २००९ ची विधानसभा आठवा. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे. 'अशोक पर्व' नावाच्या पुरवण्या आणि पानंच्या पानं कौतुक. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत तोच मजकूर, काही ठिकाणी शब्दशः. कुठेही "जाहिरात" असं लिहिलेलं नाही. हिशोबात त्यांनी दाखवलेला जाहिरात खर्च होता ११,३७९ रुपये. पेपरला ५,३७९ आणि केबलला ६,०००. हेही साईनाथांनीच बाहेर काढलं.

पुढे २०१४ च्या जुलैमध्ये निवडणूक आयोगाने हिशोब नीट दिला नाही म्हणून त्यांना नोटीस दिली, पण सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. पैसे घेतल्याचं पेपरवाल्यांनीही नाकारलं होतं. तेव्हा कायद्याने कुणी दोषी ठरलं नाही. उत्तर प्रदेशात आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच प्रकरणात २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली. त्यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला. कौन्सिलने २०१० मध्ये काय छापलं? नावं गाळलेला छोटा गोषवारा. पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. म्हणजे पेपरवाल्यांची वेळ आली तेव्हा त्यांच्या कौन्सिलनेही "काही नामांकित दैनिके" असंच केलं की!

आज्जीचा_चष्मा

हा शेवटचा मुद्दा वाचून चहा सांडला.

थेम्सकाठी_जोशी

अवांतर, पण हे फक्त आपल्याकडचं नाही. इथे ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये पीटर ओबोर्न या डेली टेलिग्राफच्या राजकीय स्तंभलेखकाने जाहीरपणे पेपर सोडला. त्याचं म्हणणं, एचएसबीसी बँक मोठी जाहिरातदार म्हणून तिच्या स्विस खात्यांचं प्रकरण पेपरने जवळजवळ गिळलं. पेपरने आरोप फेटाळला. फरक एवढाच, की तो बाहेर पडून लिहू शकला आणि लोकांनी वाचलं.

वणीचा_कापूस

जोशीसाहेब, आमचा माजी तालुका प्रतिनिधीही लिहितोच आहे की. नवीन आयडी काढून.

रिकामी_बाकडी

मी लोकांना न आवडणारं बोलतो. पाच-सहा रुपयांना पेपर घेता, महिनाअखेर त्यातले काही रद्दीत वसूल करता. वर स्टीलचा डबा किंवा बादली देणारी कुपन योजना असेल तरच वर्गणी भरता. कागद, छपाई, पहाटेची गाडी, विक्रेत्याचं कमिशन यातलं काय भागतं त्यात? उरलेले पैसे क्लासवाला भरतो. मग पेपर कुणाचा?

मधला_कॉलम

बाकडी, हे मला पटतं आणि पटतही नाही. उद्या पेपर वीस रुपये झाला तर मी घेईन, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण वीस रुपये घेऊनही "एका"च छापणार असतील तर?

एक ताजी माहिती देतो. गेल्या आठवड्यात आम्ही चार पालक नगरपालिकेत गेलो आणि इमारतीच्या वापर परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागितली. अर्जाची पोच घेऊन पेपरच्या कचेरीत गेलो. तिथला मुलगा पंचविशीतला असेल. सगळं नीट लिहून घेतलं, फोटो काढला. निघताना हळूच म्हणाला, "काका, बातमी जाईल. पण नाव…" आणि पुढे काही बोलला नाही. मीच म्हटलं, असू दे.

बातमी आली. पान पाच. "एका खासगी शिकवणी वर्गाच्या" असं आहे. "नामांकित" या वेळी काढलंय.

खिळेजुळारी

हसू नका, त्या पोराने तेवढा एक शब्द भांडून काढला असेल. मला माहितेय त्याला काय लागतं.

सराफकट्टा

मंडळी, सगळं वाचलं, पण माझा प्रश्न उद्याचा आहे. २६ जानेवारीच्या पुरवणीसाठी दोघे येऊन बसलेत, आत्ता, दुकानात. देऊ की नको?

तालुका_प्रतिनिधी_माजी

दैनिकवाल्याला पाव पान द्या, शेठ. पैसे चेकने द्या, आरओवर (जाहिरातीच्या ऑर्डरवर) सही-शिक्का घ्या आणि अंक आल्याशिवाय बिल चुकवू नका. दुसरा साप्ताहिकवाला असेल तर चहा पाजा आणि मागचे चार अंक दाखव म्हणा.

सराफकट्टा

दुसरा यूट्यूबवाला आहे.

तालुका_प्रतिनिधी_माजी

मग आधी पायरी काढून घ्या.